साखर होते ती उसाच्या पानात



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या बेळगाव भागातील रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि घरोघरी एकच विषय निघतो : यंदा उतारा किती पडेल आणि दर किती मिळेल? बोलताना आपण सहज म्हणून जातो की कारखान्यात साखर तयार होते. खरे पाहता कारखान्यात साखरेचा एक कणही तयार होत नाही. कारखाना उसाचा रस काढतो, तो स्वच्छ करतो, आटवतो आणि रसात आधीपासून असलेली साखर वेगळी करतो. या खटाटोपात थोडी साखर चिपाडाबरोबर आणि मळीबरोबर निघूनही जाते. साखर तयार झालेली असते ती आपल्याच शिवारात, उसाच्या हिरव्या पानात.

आपण खताच्या पोत्यांचा हिशेब ठेवतो, पाण्याच्या पाळ्या मोजतो, विजेच्या बिलाची चिंता करतो. पानाची चिंता मात्र फारसा कोणी करीत नाही. वैरण कमी पडली की उभ्या उसाचा हिरवा पाला ओढून जनावरांपुढे टाकला जातो. पाला काय, पुन्हा येईल, असे आपल्याला वाटते. हे वाटणे किती महाग पडते, ते ध्यानी यावे म्हणून पानात साखर कशी होते हे आज आम्ही थोडक्यात सांगणार आहोत.

झाड खाते तरी काय?

झाड माती खाऊन वाढते, असे माणूस हजारो वर्षे समजत आला. बेल्जियममधील व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या वैद्याने हे पडताळून पाहायचे ठरवले. त्याने एका कुंडीत 200 पौंड वाळवलेली माती भरली आणि 5 पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. नंतर झाड उपटून तोलले तेव्हा ते 169 पौंडांचे भरले. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम दोन औंस कमी झाली होती. हा प्रयोग 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच खरा होता. उरलेले अर्धे उत्तर हवेत होते.

ते शोधायला आणखी दीडशे वर्षे लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी 1771 मध्ये बंद भांड्यातील हवेत मेणबत्ती विझेपर्यंत जाळली आणि त्याच हवेत पुदिन्याची फांदी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. यान इंगेनहाउस यांनी 1779 मध्ये दाखवले की हे काम झाडाचा हिरवा भागच करतो आणि तेही उजेडातच. जिनिव्हाचे झां सेनेबिए यांनी 1782 मध्ये सांगितले की यासाठी हवेतील कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, लागतो. त्याच शहरातील सोस्यूर यांनी 1804 मध्ये काटेकोर तोलमाप करून दाखवले की झाडाच्या वजनात कर्बाबरोबर पाण्याचाही वाटा असतो. यांपैकी प्रीस्टली आणि सेनेबिए हे दोघे चर्चमधील धर्मोपदेशक होते, हे वाचकांना आवडेल.

इंगेनहाउस यांनी पाहिले ते आपल्या मुलांनाही दाखवता येते. तळ्यातील हिरवी पाणवनस्पती पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत टाका आणि बरणी उन्हात ठेवा. थोड्याच वेळात पानांतून बारीक बुडबुडे वर येऊ लागतात. बरणी अंधाऱ्या खोलीत नेली की ते थांबतात. हे बुडबुडे प्राणवायूचे असतात. पानात साखर तयार होत असल्याची ती खूण.

पानातील स्वयंपाकघर

स्वयंपाकाला सामान लागते, चूल लागते आणि सरपण लागते. पानाच्या स्वयंपाकघरात सामान दोनच : मुळांनी वर चढवलेले पाणी आणि हवेतील कर्बवायू. कर्बवायू पानावरील सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो. या छिद्रांना पर्णरंध्रे म्हणतात. चूल म्हणजे पानातील हरितद्रव्य असलेले बारीक कण, आणि सरपण म्हणजे सूर्यप्रकाश. या साऱ्या क्रियेला प्रकाशसंश्लेषण असे नाव आहे.

काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्य प्रकाशातील तांबडे आणि निळे किरण शोषून घेते. हिरवे किरण त्या मानाने कमी शोषले जातात, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. शोषलेल्या शक्तीने पाण्याचे विघटन होते आणि त्यातला प्राणवायू बाहेर पडतो. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू असा पाण्यातून सुटलेला असतो. दुसऱ्या टप्प्यात, पहिल्या टप्प्यात साठवलेली शक्ती वापरून कर्बवायूपासून साखर बांधली जाते. ही बांधणी पायरीपायरीने कशी होते ते अमेरिकेत मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कर्ब वापरून शोधून काढले. त्याबद्दल कॅल्विन यांना 1961 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मग खत कशाला? खत हे साखरेचे सामान नव्हे, ते स्वयंपाकघराची भांडीकुंडी आहे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याभोवती नत्राचे चार. लोह नसेल तर हरितद्रव्य तयारच होत नाही. भांडी नसतील तर स्वयंपाक अडतो, हे खरे. पण एका चुलीपाशी भांड्यांचा ढीग रचला म्हणून भाकरी जास्त होत नाहीत. वारेमाप युरिया टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

एका पोत्याचा हिशेब

साखरेचे 50 किलोचे एक पोते घ्या. ते बनवण्यासाठी उसाच्या पानांनी सुमारे 77 किलो कर्बवायू आणि 29 किलो पाणी वापरलेले असते आणि त्या बदल्यात 56 किलो प्राणवायू हवेत सोडलेला असतो. हा रसायनशास्त्राचा सरळ हिशेब आहे. त्यात मातीचे वजन कुठेच नाही.

आता कर्बवायू हवेत असतो तरी किती? दर दहा हजार भागांत जेमतेम सव्वाचार भाग. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा हवेत तो पाऊण ग्रॅम भरतो. म्हणजे एका पोत्यासाठी पानांना अशी सुमारे एक लाख घनमीटर हवा चाळावी लागते. एकरी 40 टन ऊस आणि 10 टक्के उतारा धरला तर 80 पोती होतात. चोयट्या, मुळे आणि पाचट यांसाठी लागलेला कर्ब यात धरलेलाच नाही. एवढे काम आपले पान गाजावाजा न करता, फुकटच्या उन्हावर करीत असते.

पाण्याचे गणित मात्र वेगळे आहे. साखरेत जाणारे पाणी अगदी थोडे. पण कर्बवायू आत घेण्यासाठी रंध्रे उघडी ठेवावी लागतात आणि त्याच दारातून पानातील पाण्याची वाफ बाहेर जाते. पीक तहानले की पान दारे लावून घेते. पाणी वाचते, पण कर्बवायूही बाहेरच राहतो आणि साखरेचे काम थंडावते. दुपारी उसाची पाने गुंडाळलेली दिसली तर स्वयंपाकघर बंद आहे असे समजावे.

उसाची विशेष युक्ती

भात, गहू, भुईमूग, हरभरा, सोयाबीन यांच्या पानांत एक उणीव असते. कर्बवायू पकडणारे त्यांचे विकर कडक उन्हात चुकून प्राणवायूच पकडते, आणि कमाईचा काही भाग, कधी कधी चौथाईपर्यंत, वाया जातो. उसाने यावर तोड काढली आहे. त्याच्या पानात बाहेरच्या पेशी कर्बवायू पकडून त्याचे चार कर्बाणूंचे आम्ल बनवतात आणि ते शिरांभोवतीच्या आतल्या पेशींकडे पाठवतात. तिथे कर्बवायू पुन्हा मोकळा होतो, पण आता दाट भरलेला. विहिरीचे थोडेथोडे पाणी उपसून हौद भरून घ्यावा आणि मग पाट सोडावा, तसे हे आहे. हौद भरलेला असल्याने चुकीला वाव राहत नाही.

हा शोध उसावरच लागला. हवाई बेटांवरील ऊस उत्पादकांच्या प्रयोगशाळेत कोर्चाक, हार्ट आणि बर यांनी 1965 मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षापासून ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी तिचा पूर्ण मार्ग उलगडला. ज्वारी, बाजरी आणि मका यांच्याकडेही हीच युक्ती आहे. दुर्दैवाने हरळी आणि लव्हाळा यांच्याकडेही ती आहे, म्हणूनच भर उन्हात हे तण इतके माजते.

हवेतील कर्बवायू वाढत चालला आहे. 1958 मध्ये हवाईतील मौना लोआ येथे नियमित मोजमाप सुरू झाले तेव्हा तो दर दहा हजार भागांत सव्वातीनपेक्षाही कमी होता. पण त्यामुळे ऊस आपोआप वाढेल अशी आशा धरू नये. ज्याचा हौद आधीच भरलेला, त्याला आणखी पाण्याचा फारसा उपयोग नाही. वाढत्या उष्म्याचा आणि पावसाच्या लहरीपणाचा त्रास मात्र त्यालाही होतोच.

पानातून कांडीत

पानात झालेली साखर अन्नवाहिन्यांतून खाली उतरते. तासाला हात-दोन हात अशा बेताने ती चालते. वाटेत तिला दोन प्रकारची गिऱ्हाइके भेटतात. कोवळी कांडी, नवी पाने आणि मुळे ती साखर फोडून वाढीसाठी खर्च करतात. जून कांडी मात्र ती साठवून ठेवते. म्हणूनच ऊस खाताना बुडखा गोड लागतो आणि शेंडा अळणी. बुडाची कांडी सर्वांत वयस्कर, तिने सर्वांत जास्त दिवस साठवण केलेली असते.

ऊस पक्व होणे म्हणजे काय, तेही यावरून कळते. वाढ चालू असते तोवर साखर खर्च होत राहते. वाढ मंदावली आणि पानांचे काम मात्र चालूच राहिले की साखर शिल्लक पडते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दिवसा निरभ्र ऊन, रात्री गारवा आणि जमिनीत ओल कमी असते. म्हणजे कमाई चालू आणि खर्च कमी. या दिवसांत उतारा चढतो तो यामुळे. पुढे उष्मा वाढला की तो पुन्हा घसरू लागतो.

आपण काय करावे?

1. उभ्या उसाचा हिरवा पाला काढू नये. वाळलेले पाचट काढायला हरकत नाही, त्याची चूल विझलेली असते. शेंड्याकडची आठ-दहा हिरवी पाने ही मात्र कमावती पाने. एक हिरवे पान ओढले की त्या पानाखालच्या कांडीचा घास गेला. वैरणीसाठी बांधावर हत्ती गवत किंवा पडीक तुकड्यात मका करावा. तोडणीच्या वेळी वाढे मिळतेच.

2. उजेड खालपर्यंत पोहोचू द्यावा. दाट लागणीत पाने एकमेकांवर सावली धरतात. सरीतील अंतर चार ते पाच फूट ठेवावे. भरणी वेळेवर करावी, म्हणजे ऊस लोळणार नाही. लोळलेल्या उसाची पाने एकमेकांखाली दबतात आणि कमाई घटते.

3. पान पिवळे पडले तर दुर्लक्ष करू नये. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः खोडव्यात, लोहाअभावी केवडा पडतो. पान पांढरट होते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती तपासून, कृषी खात्याच्या सल्ल्याने हिराकस द्यावे.

4. पानाची खालची बाजू पाहत राहावी. 2002 पासून दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात लोकरी माव्याने उसाचे केवढे नुकसान केले ते आपल्याला आठवते. मावा पानातील तयार साखरच शोषतो. वर त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि उजेडही अडवते. एकाच वेळी साखरेची चोरी आणि चुलीवर झाकण. डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक त्याचा फडशा पाडतात. ते शेतात दिसत असतील तर विषारी फवारणीची घाई करू नये.

5. युरियाचा शेवटचा हप्ता भरणीच्या वेळी द्यावा, त्यानंतर नाही. उशिरा दिलेल्या नत्राने नवे फुटवे येतात, शेंडा कोवळा राहतो आणि साठलेली साखर खर्चात पडते. तोडणीपूर्वी दोन-तीन आठवडे, जमीन पाहून, पाणी तोडावे.

6. पाचट जाळू नये. एकरी तीन-चार टन पाचट म्हणजे पानांनी हवेतून वेचून आणलेला कर्ब आहे. तो सरीत दाबला तर जमिनीचा सेंद्रिय अंश वाढतो आणि ओल टिकते. जाळला तर क्षणात पुन्हा हवेत जातो, आणि त्याचा धूर लहान मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीत बसतो.

7. ऊस जमिनीलगत तोडावा. गोड लागला म्हणून ऊस मुळासकट खाऊ नये अशी म्हण आहे. तोडताना मात्र मुळापर्यंतच यावे. चार बोटांचा बुडखा शेतात राहिला तर सर्वांत गोड भाग तिथेच राहतो, आणि खोडव्याचे फुटवेही कमकुवत येतात. शेंडा मात्र छाटून काढावा, त्यात साखर थोडी आणि गूळ-साखर बिघडवणारे पदार्थ जास्त.

8. तोडलेला ऊस 24 तासांत गाळला जावा. तोडला तरी ऊस काही काळ जिवंत असतो, श्वास घेतो आणि स्वतःची साखर फोडून खातो. कापलेल्या टोकांतून जंतू शिरतात आणि रस बुळबुळीत करतात. गुऱ्हाळ चालवणाऱ्यांना ठाऊक आहे की शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही. फुटलेल्या साखरेचे दाणे होत नाहीत, हे त्याचे कारण. जळालेला ऊस तर याहूनही लवकर खराब होतो.

ऊस पक्व झाला की नाही हे केवळ महिन्यांवरून ठरवू नये. आडसाली ऊस 16 ते 18 महिन्यांचा, सुरू ऊस सुमारे 12 महिन्यांचा, हा ढोबळ अंदाज झाला. हातातल्या ब्रिक्स यंत्राने बुडाच्या आणि शेंड्याच्या कांडीचा रस तपासावा. दोन्ही आकडे जवळजवळ आले की ऊस तयार झाला असे समजावे. हे यंत्र महाग नाही. चार-पाच घरांनी मिळून एक घेतले तरी पुरते.

उतारा एकट्याचा नसतो

शेवटी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. उसाची सरकारी रास्त किंमत, जिला आपण एफआरपी म्हणतो, ती साखरेच्या उताऱ्याशी बांधलेली आहे. 2022-23 च्या हंगामापासून 10.25 टक्के हा मूळ उतारा धरला जातो आणि त्यापुढे दर दशांश टक्क्याला किंमत वाढते. पण हा उतारा प्रत्येकाच्या शेताचा वेगळा मोजत नाहीत. साऱ्या कारखान्याची सरासरी धरतात. त्यामुळे पैशाची निकड म्हणून कोणी कच्चा ऊस धाडला, कोणाचा ऊस तीन दिवस रस्त्यावर वाळत पडला, कोणी हिरवा पाला ओरबाडला, तर तो तोटा त्याच्यापुरता राहत नाही. तो प्रत्येकाच्या बिलात थोडाथोडा उतरतो, ज्या विधवा बहिणीचा अर्धाच एकर ऊस आहे तिच्याही. तसेच एकाने राखलेली निगा सर्वांच्या पदरात पडते.

म्हणून आमची विनंती अशी की प्रत्येक वाडीतील ऊस उत्पादकांनी तोडणीच्या आधी एकदा एकत्र बसावे. कोणाचा ऊस आधी पक्व झाला आहे ते तपासून तोडीचा क्रम आपसांत ठरवावा आणि तो मिळून कारखान्याच्या शेतकी खात्यापुढे मांडावा. अडचणीत असलेल्या घराला वैरण किंवा उसने पैसे देऊन कच्चा ऊस तोडण्याची पाळी येऊ देऊ नये. शंका असल्यास बेळगावातील एस. निजलिंगप्पा साखर संस्थेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

आणि शेताच्या बांधावर उभे राहाल तेव्हा खाली सरीकडे पाहता तसे वर पानांकडेही पाहावे. पान हिरवे, मोकळे आणि उन्हात असेल तर आपली साखर तयार होत आहे.